पायाळूची पाठ

आधीच सांगते, हे मी शांत डोक्यानं लिहीत नाही. सून म्हणते, लिहा पण चिडू नका, बीपी वाढतं. चिडू नको तर काय करू? आमच्या वाडीत एका वर्षात दोन बायकांच्या पाठीचे मणके मोडले. एक मी, आणि दुसरी आमच्या शेजारची तुळसाक्का. माझ्या मणक्यात वेळेवर सिमेंट भरलं आणि आज मी सरळ उभी राहून चुलीवरचा भात उतरवते. तुळसाक्काचं हाड मोडलंय हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या 'कुणाच्या'मध्ये मीही होते. मीच सगळ्यात पुढं होते. म्हणून लिहायला बसलेय.

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून येताना डोक्याच्या आधी पाय बाहेर काढलेली. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण निघते, असं आमच्याकडं मानतात. वाचणाऱ्याला हसू येत असेल तर हसा. पण कर्नाटकातलं आमचं रामनगर सोडून आत जंगलाच्या वाटेला लागलात की दवाखाना लांब असतो आणि पायाळू जवळ. सदतीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. मुलांना खाऊ वाढत असताना दारात कुणीतरी कंबर धरून उभी असायचीच. "बाई, तेवढा पाय लावा की." मग ती उंबऱ्याजवळ पालथी पडायची आणि मी टाच तिच्या पाठीवर तीनदा टेकवायचे. त्याबद्दल काही घ्यायचं नाही, घेतलं तर गुण जातो. मी कधी सुपारीसुद्धा घेतली नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. अंगणवाडीची बाई म्हणून मान होताच, पण पायाळू म्हणून जो मान होता तो वेगळा होता.

शेवटचा बाक

गणपती होऊन चार दिवस झाले होते. रामनगरचा बाजार करून मी बसनं परत येत होते. शेवटच्या बाकावर जागा मिळाली म्हणून खूश झाले, हा माझा पहिला मूर्खपणा. आमच्या फाट्यानंतर जो रस्ता आहे त्याला रस्ता म्हणायला मी तयार नाही. दर पावसाळ्यात तो वाहून जातो आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी त्यावर खडी टाकून फोटो काढून घेतं. त्या दिवशी पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात बसचं मागचं चाक गेलं आणि शेवटच्या बाकावरचे आम्ही पाचजण वर उडून खाली आदळलो. चौघं हसले. माझ्या पाठीत, कमरेच्या चार बोटं वर, सुकी काटकी मोडावी तसं कट् झालं.

मी ओरडले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, घट्ट धरून बसायचं न्हाई व्हय?" काय धरू? पुढं दांडी नव्हती. मांडीवर नारळाची पिशवी होती, ती धरली होती.

घरापर्यंत चालत आले. हे मला नंतर सगळ्यांनी ऐकवलं, की मोडलं असतं तर चालत कशी आली असतीस? चालत आले, कारण उचलून आणायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रामनगरच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण. मान वर न करता कन्नडमधून विचारलं, कुठं दुखतं, किती दिवस. मी सांगितलं, बस आदळली आणि पाठीत आवाज झाला. त्यानं लिहिता लिहिता म्हटलं, "अज्जी, वयस्सायितु." वय झालं. मग एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या आणि मलम. मी म्हटलं, फोटो काढायचा का पाठीचा? तर म्हणे कशाला, ह्या वयात फोटोत झीजच दिसणार.

मी तीनदा गेले. तिन्ही वेळा तेच इंजेक्शन आणि तेच वाक्य. एकदाही त्या माणसानं मला पाठ वळवायला सांगितलं नाही. पदरावरून एक बोट लावून बघितलं असतं तरी मी जागा दाखवली असती. वय झालं हे काय रोगाचं नाव आहे? दात दुखला म्हणून गेलं तर तोंड उघडायला तरी लावतात. चौसष्ट वर्षांच्या बाईच्या पाठीत आवाज झाला तर वय झालंय म्हणूनच बघायला पाहिजे, एवढी साधी गोष्ट मला अंगणवाडीतलं शिक्षण घेऊन कळते आणि त्याला कळू नये?

खालची बाजू

महिना झाला तरी दुखणं हलेना. कुशीवर वळताना जीव जायचा. शिंक आली तर मी दोन्ही हातांनी खाटेची कड धरायचे. आमचे मालक बोलून चालून कमी बोलणारे, पण तेही कंटाळले. म्हणाले, "अगे, जगाची उसण काढतीस. तुझी कुणीतरी काढाय नको?"

पायाळूला स्वतःचा पाय स्वतःला लागू पडत नाही, दुसरा पायाळू लागतो. पलीकडच्या वाडीतला दत्तू पायाळू आहे. लाकडाच्या डेपोत ओंडके चढवण्याचं काम करतो, तेव्हा अंगापिंडानं कसा असेल बघा. त्याला बोलावलं. अंगणात सगळी वाडी गोळा झाली. बायका खिदळत होत्या. "बाई, आज तुमची पाळी!" मीही हसले. हसत हसतच उंबऱ्याजवळ पालथी झाले.

एवढी वर्षं मी वरून पाय लावत आले होते. खालची बाजू पहिल्यांदा बघितली. जमिनीला गाल लागलेला, नाकात शेणसारवणाचा वास, आणि वरचा माणूस दिसत नाही. त्याचा पाय कधी येणार, किती जोरात येणार, काही कळत नाही. दत्तूनं पहिल्यांदा टाच टेकवली तेव्हा मी ओरडले. तो म्हणाला, "धरलंय बघा, निघाय लागलंय." दुसऱ्यांदा जरा दाबली. तिसऱ्यांदा त्यानं भार दिला.

त्यानंतर मी उठले नाही. चौघींनी मला खाटेवर नेलं. दत्तूला मी दोष देत नाही, देणार नाही. त्यानं तेच केलं जे मी करत आले होते. फरक त्याच्या वजनाचा.

पुढचे पंधरा दिवस मला लिहायलाही नको वाटतात. मुलगा कामाला परगावी, त्यामुळं माझी सून रेश्माच माझं सगळं खाटेवर करत होती. सगळं म्हणजे सगळं. जिच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तिनं माझं लुगडं धुतलं. एकदा मी रडले तर म्हणाली, "आत्ती, तुमी रडला तर पाठ हलतीया. रडू नका." आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. ह्या पोरीला मी लग्नानंतरची दोन वर्षं भाकरी जाड थापते म्हणून बोल लावला होता. देव सगळ्याची परतफेड करून घेतो, तीही खाटेवर झोपवून.

आणि भेटायला येणारे! त्यांच्यावर वेगळं पुस्तक लिहावं लागेल. एकीनं सांगितलं, रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, तेल चोळा. दुसरीनं विचारलं, कुणाला पाय लावताना चुकला बिकला होता काय, त्याचा दोष असंल. तिसरा माझ्या खाटेवर येऊन धपकन बसला आणि माझ्या तोंडून अशी शिवी निघाली की तो उठून गेला तो परत आला नाही. तेवढाच एक फायदा.

शेवटी रेश्मा उठली. सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मी जीप सांगितलीया. उद्या बेळगावाला न्हेते आत्तीस्नी."

मालक भडकले. "पाठीचं ऑपरेशन केलेला एक माणूस उठलेला दाव मला! कायमची पडंल ती."

"आत्ता काय उभ्या हायत व्हय?"

घरात त्यांना उलट बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सकाळी जीपमध्ये गादी त्यांनीच अंथरली.

ओलं हाड

बेळगावपर्यंतचा रस्ता मी मोजला. किलोमीटरनं नाही, आदळण्यांनी. दवाखाना मोठा होता. फोटो काढला, मग एमआरआय नावाच्या बोगद्यात घातलं. तिथं हलायचं नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बाबा, मला हलता येत असतं तर मी इथं आले असते का?

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. कन्नड माणूस, पण मराठी बोलायचा, मोडकंतोडकं आणि न लाजता. त्यानं फिल्म उजेडावर धरली आणि मला दाखवली. मला, मालकांना नाही. हे मी लिहून ठेवते, कारण तोपर्यंत प्रत्येकानं माझं दुखणं माझ्या डोक्यावरून दुसऱ्या कुणालातरी सांगितलं होतं.

"आज्जी, हे मणके बघा. असे चौकोनी पाहिजेत. हे दोन बघा, काड्यापेटी चेपल्यासारखे. मोडलेत."

मोडलेत. दीड महिन्यात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तुम्हाला वाटेल मी घाबरले. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तिथंच स्ट्रेचरवर रडायला लागले. मला 'वय' झालं नव्हतं, माझं हाड मोडलं होतं. मी नाटक करत नव्हते.

मग त्यानं विचारलं, "कुणी दाबलं होतं काय पाठीला? मालिश? पाय दिला?"

मी म्हटलं, "न्हाई."

का म्हटलं? लाज वाटली. सदतीस वर्षं लोकांची पोरं शिकवलेली बाई, उंबऱ्यावर पालथी झोपून लाकूड उचलणाऱ्या माणसाकडून पाठ तुडवून घेतली असं कसं सांगू? रेश्मानंच सांगितलं. डॉक्टर खुर्चीतून उठला. मला वाटलं आता ओरडणार. तो हळूच म्हणाला, "दुसरा मणका पायानंच मोडला असं मी नक्की सांगू शकत नाही. आधी मोडला असेल, नंतर चेपला असेल. पण आज्जी, मोडलेल्या मणक्यावर कुणी पाय देतं काय?"

माझ्या मनात त्या वेळी माझी पाठ नव्हती. शिमग्याच्या आधीचा एक दिवस आला होता. तुळसाक्का जंगलातून सुक्या पाल्याची पाटी डोक्यावर घ्यायला वाकली आणि तिथंच बसली. गोठ्यात अंथरायला आम्ही सगळ्याच तो पाला आणतो. तिला दोघींनी धरून आणलं. ती माझ्याच उंबऱ्यावर पालथी झाली आणि मी तिला तीनदा पाय लावला. ती ओरडली तेव्हा मी काय म्हटलं, तेही आठवलं. "धरलंय. निघाय लागलंय."

डॉक्टर पुढं सांगत होता. हाडं आधीच पोकळ झाली होती, बायकांची ह्या वयात होतात, म्हणून एका धक्क्यानं चेपली. सगळ्यांना काही करावं लागत नाही, पुष्कळ जणांचं विश्रांतीनं आणि पट्ट्यानं जुळून येतं. माझं दुखणं दीड महिन्यानंतर वाढतच चाललं होतं, म्हणून सुईनं मणक्यात सिमेंट भरायचं. मोठं कापणं नाही, टाके नाहीत. "एमआरआयमधी हे पांढरं दिसतं बघा. म्हणजे हाड अजून ओलं हाय. ओलं असेपर्यंत सिमेंटचा उपयोग. वाकडं होऊन वाळलं की मग काही करता येत नाही."

ओलं आणि वाळलेलं हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. मी विचारलं, "किती दिवसांत वाळतं?"

"काही महिने."

मी बोटांवर मोजलं. शिमगा, पाडवा, पेरणी, गणपती, आता दिवाळी आली. मोजून झाल्यावर बोटं पदराखाली घेतली.

अंगठा नको, पेन द्या

दवाखान्यात चार दिवस काढले. तिथला दिवस माणसाला विचारून उगवत नाही. पहाटेच फिनेलचा बोळा खाटेखालून फिरतो, मग ताप बघणारी येते, मग चहा येतो, आणि आपण चहा घ्यायला उठू शकत नाही हे चहावाल्याला रोज नव्यानं सांगावं लागतं. डॉक्टरांची फेरी आली की दहा शिकाऊ पोरं खाटेभोवती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "वेज फ्रॅक्चर." मी म्हटलं, "माझं नाव सुमन आहे." तो बिचारा गोंधळून नमस्कार करून गेला.

संमतीचा कागद घेऊन एक माणूस आला. कागद इंग्रजीत. काही न विचारता त्यानं माझा डावा अंगठा धरला आणि शाईच्या डबीत दाबायला निघाला. मी हात काढून घेतला. "अंगठा नको, पेन द्या." त्याला वाटलं मला कळलं नाही, परत अंगठा धरला. मी पडल्या पडल्या इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या तीन खाटा जाग्या झाल्या. "सदतीस वर्षं मी लोकांच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावलीत. पेन दे!" मग मी सही केली. मराठीत केली, आणि त्याच्या खाली कन्नडमध्येही केली. त्याआधी इंग्रजी वाचता येणाऱ्या रेश्माकडून सगळा कागद वाचून घेतला, शब्द न् शब्द. त्यात सिमेंट बाहेर गळू शकतं हेही लिहिलं होतं. डॉक्टरला विचारलं. त्यानं न लपवता सांगितलं, गळतं कधी कधी, बहुतेक वेळा त्रास होत नाही, क्वचित होतो. भीती वाटलीच. पण खरं ऐकून वाटणारी भीती आणि फसवल्यावर वाटणारी भीती ह्यांत फरक असतो. पहिलीत माणूस झोपू शकतो.

सगळे वाईट नव्हते. खानापूरकडची एक सिस्टर होती. मला कुशीवर वळवायची तेव्हा खांदा आणि कंबर एकदम, ओंडका फिरवावा तशी. तिच्या हातून एकदाही कळ आली नाही. एका दुपारी काम नव्हतं तर माझे केस विंचरून दिले. सहा आठवड्यांच्या जटा. तिनं अर्धा तास घालवला आणि एक केसही ओढला नाही.

आणि आमचे मालक. चार दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते, मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं कागद असतील. रेश्मानं बघितलं तर माझ्या चपला. तिनं विचारलं, मामा, ह्या कशाला आणल्या, आत्ती झोपून आल्या न्हवं? म्हणाले, "उठल्यावर अनवाणी जाईल व्हय?" हाच माणूस कायमची पडशील म्हणून भांडला होता.

पुन्हा पालथी

ऑपरेशनच्या खोलीत मला पालथं झोपवलं. पुन्हा पालथी. गालाखाली उशी होती, खाली सारवण नव्हतं, एवढाच फरक. पूर्ण भूल नव्हती. जागेवर बधिर केलं आणि थोडं गुंगीचं दिलं. मी जागी होते, म्हणून सांगते, जे घाबरतात त्यांच्यासाठी: दुखण्यापेक्षा आवाज जास्त वाईट. सुई हाडात जाताना बारीक हातोडीनं ठोकतात. ठक, ठक, ठक. भिंतीत खिळा ठोकावा तसं, आणि भिंत आपण. डॉक्टर प्रत्येक ठोक्याआधी सांगायचा, "आज्जी, आता ठोकतो." उंबऱ्यावर मी कुणाला कधी आधी सांगितलं होतं की आता पाय ठेवते?

सिमेंट कालवलं तेव्हा उग्र वास आला. "आता हलू नका, भरतोय." मी श्वाससुद्धा मोजून घेतला. बाजूला दोघं जेवायला काय आलंय ते बोलत होते. तेव्हा राग आला. नंतर वाटलं, जेवणाचं बोलतायत म्हणजे माझं बरं चाललं असणार.

तासाभरात बाहेर आणलं. संध्याकाळी सिस्टर म्हणाली, बसा. मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, बसून तर बघा. बसले. कळ येणार म्हणून डोळे मिटून दात आवळले होते. कळ आली, पण पूर्वीची नव्हे, तिची धाकटी बहीण. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा बांधून उभी राहिले. मालक आत आले, खाली बसले आणि माझ्या पायांपुढं चपला ठेवल्या. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर वॉर्डात तमाशा झाला असता.

चालताना मला आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ असा संताप आला की भिंत धरून थांबावं लागलं. एवढंच होतं? एक फोटो, एक सुई, एक तास? ह्यासाठी मी दीड महिना कळा सोसल्या, पंधरा दिवस लुगड्यात घाण केली? रामनगरच्या त्या पोरानं तीनदा इंजेक्शन देण्याऐवजी एकदा कागदावर 'फोटो काढा' लिहिलं असतं तर? पट्टा बांधून पडून राहिले असते तर कदाचित सिमेंटचीही गरज लागली नसती.

तुळसाक्का

घरी आल्यावर मी आठ दिवस तुळसाक्काकडं गेले नाही. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक फणसाचं झाड आहे, बाकी काही नाही. पट्ट्याचं निमित्त सांगितलं. वाडीतल्या बायका येऊन माझी पाठ बघून जात होत्या, सिमेंट हाताला लागतं का म्हणून चाचपत होत्या. ती आली नाही. तिला येता येत नव्हतं.

शिमग्यापासून ती वाकत गेली होती. आधी काठी आली, मग नजर जमिनीला लागली. आम्ही सगळे काय म्हणायचो? "वय झालं तिचं." मी म्हणायचे. मी स्वतः, माझ्या तोंडानं. रामनगरच्या त्या डॉक्टरला ज्या वाक्यासाठी मी शिव्या देते, तेच. तो तर परका होता. मी रोज तिला बघत होते.

नवव्या दिवशी गेले. ती अंगणात सुपारी सोलत बसली होती. माझे पाय बघून म्हणाली, "बाई आलीस व्हय? चालाय लागलीस गे." चेहरा वर करता येत नव्हता तिला, पायांवरून ओळखलं.

मी म्हटलं, "आक्का, चल बेळगावला. तुझी पाठ दाखवू."

"मला काय झालंय? म्हातारी झालोय." आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, झालोय, आलोय, पुरुषांसारखं.

मी ऐकलं नाही. तिच्या मुलाशी भांडले, जीप केली, तीच गादी अंथरली. तोच डॉक्टर. त्यानं फोटो काढला, एमआरआय केला आणि फिल्म उजेडावर धरली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं सांगायच्या आधीच मला कळलं. कुठंही पांढरं नव्हतं.

"तीन मणके. वाळलेत आज्जी, वाकडे वाळलेत. आता सिमेंटचा उपयोग नाही. गोळ्या देतो, हाडाला इंजेक्शन देतो, म्हणजे चौथा मोडायला नको." मग मला म्हणाला, "पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत आणलं असतं तर काहीतरी बघता आलं असतं."

तुळसाक्का बाहेर बाकावर बसली. तिचा मुलगा औषधं आणायला गेला. डॉक्टरनी मला वाकायचं नाही, खाली बसायचं नाही असं सांगितलं होतं. पण तिचं तोंड बघायचं तर दुसरा उपाय नव्हता. मी तिच्यापुढं फरशीवर गुडघे टेकले आणि सांगितलं. पाल्याची पाटी घेताना तुझं हाड मोडलं होतं. मोडलेल्या हाडावर मी पाय दिला. तू ओरडलीस तरी तीनदा दिला. त्यानं आणखी मोडलं असेल. डॉक्टर नक्की सांगत नाही, पण मी सांगते. आणि नंतर मी तुला वय झालं म्हणाले.

तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिच्या नजरेच्या उंचीवर आलं होतं.

"व्हय?" ती म्हणाली.

"व्हय आक्का. शिव्या दे. मार. काय वाटंल ते कर."

"तुला कशाला मारू गे?" तिनं माझ्या गालावर हात ठेवला. "त्याच दवाखान्यात गेलतो की मीबी, रामनगरच्या. त्यानं हातबी न्हाई लावला. तू पाय तरी लावलीस."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. प्रेमानं बोलली. मनापासून बोलली. सत्तर वर्षांच्या बाईला ओरडताना तुडवलं गेलं, आणि त्यातही तिला आठवलं काय, तर निदान कुणीतरी तिच्या पाठीपर्यंत आलं होतं. तिनं मला माफ केलं असं लोक म्हणतात. तिनं माफ केलं नाही, तिला रागवायचं असतं हेच कुणी शिकवलं नाही. तो डॉक्टर अजून रामनगरात बसतो. त्याच्या दारात अजून आमच्या बायका रांग लावतात आणि वय घेऊन परत येतात.

मी आता पाय लावत नाही. कुणी उंबऱ्याजवळ आलंच तर तिथूनच परत फिरवते आणि जीप सांगते. लोक म्हणतात, बाई बेळगावला जाऊन चढली. म्हणू देत. तुळसाक्का अंगणात बसून सुपारी सोलते, हसते, मला अजून बाई म्हणते. तिच्या वाट्याचा राग मलाच करावा लागतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.